अँटेनाची त्रुटी आणि मोबाइलचा ठावठिकाणा

चाकण परिसरात एखाद्या कारखान्याचा पत्ता विचारला, तर पुष्कळदा रस्त्याचे नाव मिळत नाही. मिळतो तो गट क्रमांक. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, खालुंब्रे या गावांच्या शेतजमिनींवर गेल्या काही दशकांत कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. औद्योगिक विकास महामंडळाने आखलेल्या भागात निदान भूखंड क्रमांक असतो. त्याच्या हद्दीबाहेर मात्र सातबाऱ्यावरचा गट क्रमांक हाच पत्ता. हा क्रमांक महसुली दफ्तरात अगदी स्पष्ट असतो. परंतु मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा बिहारमधून नुकत्याच आलेल्या कंत्राटी कामगाराला तो ठाऊक असण्याचे काही कारण नाही. रात्रपाळीत प्रेस यंत्रात कोणाचा हात सापडला आणि सोबत्याने ११२ किंवा १०८ क्रमांक लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आपण कुठे आहात?" त्या क्षणी फोन हातात असलेल्या माणसाला जे सांगता येत नाही, ते फोनला सांगता येईल काय, आणि किती अचूकपणे, हा आपल्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्यापैकी अनेकांचा समज असा असतो की मोबाइलला आपली जागा नेहमी उपग्रहावरूनच कळते. उघड्या मैदानावर हे खरे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये उपग्रहाद्वारे स्थाननिश्चिती करण्याची सोय असावी, असा नियम दूरसंचार विभागाने २०१६ मध्ये काढला आणि १ जानेवारी २०१८ पासून तो लागू झाला. पण उपग्रहाचा संकेत वीस हजार किलोमीटर अंतर कापून येतो आणि पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. कारखान्याच्या शेडवरचा पत्रा त्याला सहज अडवतो. ज्या ठिकाणी माणसे सर्वाधिक वेळ काम करतात आणि जेथे अपघाताचा संभव अधिक, तेथेच उपग्रह निरुपयोगी ठरतो. अशा वेळी आधार उरतो तो मोबाइलच्या मनोऱ्यांचा, म्हणजेच टॉवरचा.

मनोऱ्यावरून जागा ओळखण्याची जुनी रीत फारच ढोबळ होती. फोन कोणत्या मनोऱ्याशी बोलत आहे एवढे कळले की त्या मनोऱ्याच्या आसपास तो असणार, इतकाच निष्कर्ष निघे. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम जाळ्यात फोनचे मनोऱ्यापासूनचे अंतरही मोजले जात असे, पण ते सुमारे ५५० मीटरच्या पायऱ्यांनी. भोसरी किंवा चिंचवडच्या औद्योगिक वस्तीत ५५० मीटरमध्ये किती शेड मावतात, हे ज्यांनी तो भाग पायी पालथा घातला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आजची पद्धत समजण्यासाठी वीज आणि गडगडाट आठवावा. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली, असे आपण म्हणतो. म्हणजे वेळ मोजून आपण अंतर काढतो. मोबाइलचे जाळे हेच करते, मात्र ध्वनीऐवजी रेडिओलहरींवर. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. रेडिओलहर तेवढ्याच अंतराला सुमारे ३.३ नॅनोसेकंद घेते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. उलट बाजूने सांगायचे, तर वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली की अंतरात ३० सेंटिमीटरची चूक झालीच. विद्यार्थ्यांनी हा एक आकडा ध्यानात ठेवावा. पुढचा सारा विषय त्यावर उभा आहे.

फोनचे घड्याळ इतके काटेकोर नसते. म्हणून एकेका मनोऱ्याचे अंतर स्वतंत्रपणे न मोजता दोन मनोऱ्यांचे संकेत फोनपर्यंत किती वेळेच्या फरकाने पोहोचले, हे पाहिले जाते. फरक घेतला की फोनच्या घड्याळाची चूक दोन्हीकडे सारखीच असल्याने वजा होऊन जाते. एका जोडीवरून एक वक्ररेषा मिळते. गणिताच्या पुस्तकात तिला अपास्त म्हणतात. दुसऱ्या जोडीवरून दुसरी वक्ररेषा मिळते आणि त्या जेथे छेदतात तेथे फोन. याखेरीज संकेत कोणत्या दिशेने आला यावरून, आणि संकेत जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळेवरूनही स्थान काढता येते. जगभरच्या मोबाइल जाळ्यांचे मानक ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने २०२० मध्ये पूर्ण केलेल्या सोळाव्या आवृत्तीत पाचव्या पिढीसाठी या सर्व रीती नेमून दिल्या. तेव्हाचे उद्दिष्ट होते, दर शंभरापैकी ऐंशी फोनांचे स्थान इमारतीच्या आत ३ मीटरच्या आणि बाहेर १० मीटरच्या आत सापडावे. दोन वर्षांनी सतराव्या आवृत्तीत कारखान्यांसाठी हे उद्दिष्ट एकदम २० सेंटिमीटरवर आणले गेले, तेही शंभरापैकी नव्वद उपकरणांसाठी.

तीन मीटरवरून वीस सेंटिमीटरवर यायचे म्हणजे घड्याळ अधिक चांगले लावायचे, एवढेच नव्हे. बोलणे आणि माहिती वाहून नेणे यांसाठी शेजारच्या दोन मनोऱ्यांची घड्याळे तीन मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली असली तरी पाचव्या पिढीचे काम उत्तम चालते. तीन मायक्रोसेकंद म्हणजे अंतराच्या भाषेत ९०० मीटर. अर्थात जे जाळे चित्रपट क्षणात उतरवून देते, तेच जाळे माणूस निघोजे गावात आहे की म्हाळुंग्यात, हे सांगण्यास असमर्थ असू शकते. वेग आणि स्थान या दोन निराळ्या विद्या आहेत, हे जाहिराती पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

घड्याळे जुळवली तरी एक गुन्हेगार उरतो, आणि तो म्हणजे अँटेना. गणितात आपण मनोरा हा एक बिंदू मानतो. प्रत्यक्षात नकाशावर नोंदलेला बिंदू कोणता? जमिनीवरच्या कुंपणाचा मध्य, मनोऱ्याचा पाया, की त्याच्या एका बाजूला लोखंडी दांड्यावर बसवलेली अँटेना? एका मनोऱ्यावर तीन दिशांना तीन अँटेना असतात आणि इमारतीच्या गच्चीवर तर त्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकमेकींपासून पंधरा-वीस मीटरवरही असू शकतात. तिन्हींसाठी एकच अक्षांश-रेखांश नोंदलेला असेल, तर पुढचे सगळे काटेकोर गणित वाया गेले. वीस सेंटिमीटर मोजायला निघालेल्या माणसाने मोजपट्टीचे टोकच पंधरा मीटर चुकीच्या जागी धरण्यासारखे हे आहे.

जागा बरोबर नोंदली तरी अँटेनाच्या पेटीतील नेमक्या कोणत्या बिंदूपासून लहर निघते, हा प्रश्न राहतो. त्या बिंदूला कलाकेंद्र म्हणतात. ते पेटीच्या मध्यावर असतेच असे नाही. शिवाय लहर कोणत्या दिशेला चालली आहे त्यानुसार ते काही मिलिमीटर ते सेंटिमीटर सरकते. दूरच्या फोनला हा फरक नगण्य. वीस सेंटिमीटरच्या उद्दिष्टात मात्र त्याची दखल घ्यावीच लागते.

त्याहून मोठी चूक दडलेली असते ती केबलमध्ये आणि यंत्राच्या पोटात. संकेताच्या वेळेची नोंद यंत्रात होते, पण तो हवेत उतरतो अँटेनातून. मधल्या दहा मीटर केबलमधून जाण्यास त्याला सुमारे ४० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे अंतरात १२ मीटरची भर. केबलची लांबी ठाऊक असेल तर ही भर वजा करता येते. परंतु गाळण्या, प्रवर्धक, जोड यांतून होणारा विलंब प्रत्येक यंत्रात थोडा निराळा असतो, आणि वैशाखातल्या दुपारी तापलेल्या पेटीत तो पौषातल्या पहाटेसारखा राहत नाही. कारखान्यात यंत्र तपासूनच बाहेर पाठवतात, तरीही काही नॅनोसेकंदांची बाकी उरतेच.

दिशेवरून स्थान काढायचे असेल तर आणखी एक गंमत होते. मनोऱ्यावर चढलेला तंत्रज्ञ अँटेना कोणत्या दिशेला तोंड करून बसवायची, हे पूर्वापार होकायंत्र पाहून ठरवत आला आहे. पण मनोरा पोलादाचा! वसतिगृहातल्या लोखंडी खाटेजवळ होकायंत्र नेऊन सुई कशी विचलित होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. दिशेत एक अंशाची चूक झाली, तर २८५ मीटर अंतरावर आडवी चूक ५ मीटरची होते. झुकावातील चूक त्याहून घातक. तीस मीटर उंचीवरची अँटेना ६ अंश खाली झुकवली, तर तिच्या झोताचा मध्य जमिनीला सुमारे २८५ मीटरवर टेकतो. ७ अंश झुकवली तर २४४ मीटरवर. बोल्ट आवळताना एका अंशाचा फरक पडला आणि माणूस ४१ मीटर इकडचा तिकडे झाला. फोनवर बोलण्यात याने काहीच बिघडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणी ते तपासतही नाही. पावसाळ्यातील वारे मात्र दरवर्षी त्या बोल्टांची परीक्षा घेतात.

पाचव्या पिढीची अँटेना ही एक नसून लहान लहान अँटेनांची ओळींची मांडणी असते. भारतात या सेवेसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी सुमारे ८.६ सेंटिमीटर भरते आणि शेजारच्या दोन घटकांत तिच्या निम्मे, म्हणजे ४.३ सेंटिमीटर अंतर ठेवण्याची रीत आहे. संकेत तिरपा आला की तो एका घटकावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोहोचतो. लहरीच्या चढउताराच्या अवस्थेत, म्हणजेच कलेत, जो फरक पडतो त्यावरून दिशा काढतात. आता त्या दोन घटकांच्या तारांत मुळातच १० अंशांचा कलाफरक असेल, तर समोरून आलेला संकेतही सुमारे ३.२ अंश बाजूने आल्यासारखा वाटेल. शंभर मीटरवर ही चूक साडेपाच मीटरची झाली. घटक पुष्कळ असले म्हणजे यादृच्छिक चुका एकमेकींना काही प्रमाणात झाकतात. सगळ्यांची चूक एकाच बाजूची असेल तर तेवढाही दिलासा नाही.

या सगळ्या चुका एकेक शोधून काढत बसणे अशक्यप्राय आहे. येथे विज्ञानाने जी युक्ती योजली आहे ती मला फार आवडते, कारण तिच्यात चूक कोठे आहे हे न शोधताच ती काढून टाकली जाते. ज्या उपकरणाची जागा आपण भूमापनाच्या साधनांनी आधीच नेमकी मोजून ठेवली आहे असे एक उपकरण परिसरात बसवायचे आणि जाळ्याला म्हणायचे, "याची जागा सांग." सतराव्या आवृत्तीत अशा संदर्भ उपकरणाला रीतसर स्थान मिळाले. समजा, ते पहिल्या मनोऱ्यापासून ३०० मीटरवर आणि दुसऱ्यापासून ४५० मीटरवर आहे. दोन संकेतांतील फरक ५०० नॅनोसेकंद यायला हवा. तो ५४० आला. जास्तीचे ४० नॅनोसेकंद पहिल्या मनोऱ्याच्या घड्याळाचे, दुसऱ्याच्या केबलचे, की दोहोंचे थोडे थोडे, हे ठाऊक असण्याची गरजच नाही. शेजारच्या शेडमधील अनोळखी फोनने याच जोडीवर जो फरक नोंदवला असेल त्यातून ४० वजा केले, की १२ मीटरची चूक गेली.

याच आवृत्तीत आणखी एक व्यवहारी सोय आली. फोनला आणि मनोऱ्याला आपले वेगवेगळे अँटेनामार्ग गटांत वाटून सांगता येतात: ज्या मापनांतील आतला विलंब जवळजवळ सारखा आहे ती एका गटात. एकाच गटातील दोन मापनांचा फरक घेतला की तो विलंब आपोआप निघून जातो. निरनिराळ्या गटांची मापने मिसळायची असतील तर गणकाला सावध राहता येते. यंत्राने आपली त्रुटी लपवण्याऐवजी तिचे वर्गीकरण करून कळवावे, ही कल्पना साधी असली तरी परिणामकारक आहे.

या विद्येचे एक मोठे पीठ आपल्याच जिल्ह्यात, चाकणवरूनच जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गालगत आहे, याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावला पोहोचले की पूर्वेस खोडद गाव लागते. तेथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्यांतील चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, एकमेकींपासून जास्तीत जास्त सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातील एकाच स्रोताची लहर या सर्वांवर वेगवेगळ्या क्षणी येते. त्या क्षणांची नेमकी जुळणी झाली तरच चित्र उमटते. प्रत्येक अँटेनाची जागा, प्रकाशतंतूतून मध्यवर्ती इमारतीपर्यंत येताना लागणारा विलंब आणि तिची कला या तिन्हींत त्रुटी असतातच. खगोलशास्त्रज्ञ काय करतात? ज्याचे आकाशातील स्थान पक्के माहीत आहे अशा एखाद्या तेजस्वी रेडिओस्रोताकडे, बहुधा अतिदूरच्या दीर्घिकेकडे किंवा क्वेसारकडे, ते निरीक्षणाच्या आधी, मधूनमधून आणि शेवटी सर्व अँटेना वळवतात. बिंदूसारखा दिसायला हवा तो स्रोत तसा दिसत नसेल, तर उरलेला फरक हाच अँटेनांच्या त्रुटींचा हिशेब. मग तो वजा करून अज्ञात स्रोताकडे वळायचे.

खोडदला क्वेसार जे काम करतो, ते चाकणच्या शेडमधील खांबावर लावलेले संदर्भ उपकरण करते. साम्य येथेच संपत नाही. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत मोबाइल जाळ्यानेही लहरीच्या कलेवरून अंतर मोजण्याची रीत स्वीकारली. साडेआठ सेंटिमीटरच्या लहरीचा काही अंश मोजता आला, तर अचूकता सेंटिमीटरपर्यंत येऊ शकते. पण मग कलाकेंद्राचे ते काही मिलिमीटरचे सरकणेही हिशेबात धरावे लागते आणि एकाच दिशेचे संदर्भ उपकरण पुरत नाही.

आता प्रत्यक्ष कारखान्याकडे वळू. डिसेंबर २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्र या कंपन्यांनी महिंद्रच्या चाकण येथील वाहन कारखान्यात पाचव्या पिढीचे खाजगी जाळे उभारल्याचे जाहीर केले, आणि देशातील अशा प्रकारचे पहिले वाहननिर्मिती केंद्र म्हणून त्याचा गौरव झाला. त्या वेळी सांगितलेल्या उपयोगांत वाहनांमध्ये सॉफ्टवेअर भरणे आणि रंगकामाची संगणकीय तपासणी यांचा उल्लेख होता. स्थाननिश्चिती ही अशा जाळ्यावर चढवता येणारी पुढची पायरी. फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारा कामगार एकाच आडोशाकडे दोन बाजूंनी येत आहेत, हे यंत्रणेला दोन सेकंद आधी कळले तर गाडी थांबवता येईल. येथे तीन मीटरची अचूकता कुचकामी आहे. फोर्कलिफ्टची वाट आणि माणसांची वाट यांत बहुधा जमिनीवरचा पिवळा पट्टा तेवढा असतो. पट्ट्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा हे ओळखायचे, तर वीस सेंटिमीटरचे उद्दिष्ट मुळीच चैनीचे नाही.

अडचण आहे ती शेडच्या आतील लोखंडाची. पत्र्याची भिंत, क्रेनचा तुळईमार्ग, पोलादी गुंडाळ्यांची रास या सर्वांवरून लहरी परावर्तित होतात. थेट वाट अडली आणि परावर्तित लहरच पोहोचली, तर ती लांबच्या वाटेने आलेली असते आणि जाळे माणसाला आहे त्याहून दूर समजते. ही चूक अँटेनाची नव्हे. म्हणून वर सांगितलेल्या वजाबाकीने ती जात नाही. संदर्भ उपकरणापाशी वाट मोकळी असेल आणि दहा मीटरवर राशीआड उभ्या कामगारापाशी ती अडलेली असेल, तर दुरुस्तीचा आकडा त्याच्यासाठी खरा ठरत नाही. उपाय म्हणजे अँटेना जास्त, उंचावर आणि वेगवेगळ्या बाजूंना लावणे, संदर्भ उपकरणे अनेक ठेवणे, आणि मांडणी बदलली की मोजमाप पुन्हा करणे. हे शेवटचे काम खर्चिक व कंटाळवाणे असल्याने तेच आधी टाळले जाते, असा माझा अंदाज आहे.

अचूकतेची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. ज्या यंत्रणेला कामगार पिवळ्या पट्ट्याच्या कोणत्या बाजूला आहे हे कळते, तिला तो पाणी प्यायला किती वेळा गेला, कोणाशी किती वेळ उभा राहिला आणि सभेच्या दिवशी दारापाशी कोण कोण होते, हेही कळते. ५५० मीटरच्या पायरीत माणसाला जो आडोसा होता, तो वीस सेंटिमीटरमध्ये राहत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीस संरक्षण देतो. मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला संमतीवाचूनही काही वापर करण्याची मुभा त्याच कायद्याच्या सातव्या कलमात आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर मालक म्हणजे ठेकेदार की कारखाना, येथूनच वाद सुरू होतो. टक्कर टाळण्यासाठी लागणारे स्थान काही सेकंदांत निरुपयोगी होते. ते साठवून ठेवण्याची तांत्रिक गरज नसते. ते किती काळ ठेवायचे, कोणी पाहायचे आणि कामगाराच्या नावाशी जोडायचे की नाही, या तीन गोष्टी यंत्रणा बसवण्याच्या करारातच लिहून घेता येतात. आणि अशा करारांच्या चर्चेला बसणाऱ्या अभियंत्यांत, कामगार प्रतिनिधींत आणि वकिलांत उद्या या शाळेचे विद्यार्थी असतील.